वाऱ्याच्या पेटीला कुलूप

कुमुद,

तुझ्या नावानं शाळेचे लोक पुस्तिका काढणार आहेत. परवा हेडमास्तर घरी आले, संकेश्वरकडच्या त्या शाळेचे. संगं दोन गुरुजी. म्हणाले, आप्पा, तुम्हाला त्रास नको म्हणून तुमचा लेख आम्हीच लिहून आणलाय, तुम्ही फक्त सही करा. वाचून दाखवला. जन्म टिळकवाडीत, शिक्षण अमुक, विमानाच्या कारखान्यात इतकी वर्षं सेवा, निवृत्तीनंतर सीमाभागातल्या खेड्यापाड्यांत विज्ञानाची गंगा नेली. गंगा! तू हे ऐकलं असतंस तर चष्मा काढून त्यांच्याकडं बघत बसली असतीस. मी म्हटलं, मी सातवी शिकलोय, पण माझ्या बायकोला चार ओळी लिहिण्यापुरता शिकलोय. कागद ठेवून जावा.

ते गेले नाहीत. खरं काम पुढंच होतं.

"आप्पा, ती वाऱ्याची पेटी हाय न्हवं, ती आम्ही मॅडमांच्या फोटोशेजारी काचेच्या कपाटात ठेवणार. कायमची. तेवढी पॉलिश करून द्या."

"तिचं बेअरिंग जाम हाय."

"असू द्या की. फिरवायची कुणाला हाय? दिसायला झ्याक पाहिजे."

मी हो म्हणालो. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. ती पेटी माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. काचेमागं राहील, मी गेल्यावर पण राहील, आणि नको म्हणायला तू नाहीस. हे सुद्धा मनात आलं. तुला जाऊन दीड महिना झाला, आणि तुझ्या नवऱ्याच्या मनात हे आलं. लिहून ठेवतो.

तुला सांगायची गरज नाही, पण हे दुसरे पण वाचणार, म्हणून पेटी म्हणजे काय ते सांगतो. दोन हात लांबीची पेटी. एका टोकाला पंखा, तो वारा ओढतो. मधे काच. काचेच्या आत एका दांडीवर विमानाचा वीतभर पंख बसवलेला. वारा सुटला की पंख उचलतो, दांडी हलते आणि बाहेरचा काटा सांगतो की कितीनं उचलला. बेंगळूरच्या कारखान्यात हेच काम तू मोठ्या पेटीत केलंस. त्या पेटीत माणूस उभा राहायचा. गावाकडं सगळे तुला रॉकेटवाल्या बाई म्हणायचे. रॉकेटला तू हात लावला नव्हतास. पंखांवर वारा सोडायचा आणि आकडे लिहायचे, हे तू जन्मभर केलंस. आणि ते पंख बनवायचो मी.

आपली ओळखच मुळात भांडणातली. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, पंधराव्या वर्षापासून लेथ शिकून बेंगळूरला गेलो होतो. खात्यात कोण कन्नड, कोण तमिळ. मराठीत शिव्या घातल्या तर कुणाच्या बापाला कळत नाहीत, असा माझा समज. एक दिवस नव्या इंजिनियर बाईंचं ड्रॉइंग आलं. आतला एक कोपरा असा काढला होता की तिथं कुठलं हत्यार पोचणारच नाही. मी मशीनला म्हटलं, "ह्या बाईनं जन्मात कधी लेथ बघितलाय का? का नुसता कागुद काळा करत्या?"

मागनं आवाज आला, "बघितलाय. पण इतका तोंडाळ बघितला नव्हता."

माझ्या हातातला पाना खाली पडला. "मॅडम, तुम्ही मराठी?"

"मी बेळगावची. आणि तुम्ही निपाणीकडचे. कागुद म्हणणारे तिकडचेच."

मग तू तासभर मशीनशेजारी उभी राहिलीस, साडीवर तेल उडालं तरी. हत्यार कुठवर जातं, कुठं अडतं, सगळं विचारलंस. दुसऱ्या दिवशी नवीन ड्रॉइंग आलं. कोपरा बदलला होता.

पुढं तुझ्या घरात आणि आमच्या घरात जे झालं ते लिहीत नाही. तुझे वडील वकील, माझे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल. एवढं बास. लग्न झाल्यावर खात्यातल्यांना चेष्टेला विषय मिळाला. दिवसभर मी तुला मॅडम म्हणायचो आणि संध्याकाळी घरात तू मला अहो म्हणायचीस. एकदा चुकून खात्यात सगळ्यांसमोर तू "अहो" म्हणालीस, तर दहा जणांनी एकदम "काय गं?" म्हणून ओ दिली. तमिळ माणसांनी सुद्धा. तू लाल झालीस आणि मी लेथ मोठ्यानं सुरू केला.

आता ते लिहितो जे तुला सांगितलं नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. एका पंखाचं मॉडेल माझ्याकडं होतं. मशीनवर ढोबळ काढायचं आणि मग हातानं कानस मारत, साच्याला लावून बघत, अंगाला आणायचं. पुढच्या धारेला एका जागी माझी कानस जास्त लागली. केसाएवढी. धातू एकदा गेला की परत लावता येत नाही. मी ती जागा अशी पॉलिश केली की तपासणाऱ्याच्या बोटाला सुद्धा लागली नाही.

माणसाला लागली नाही, वाऱ्याला लागली. तुझं एक रीडिंग बाकीच्यांशी जुळेना. साहेब म्हणाले, ते एक सोडून द्या, रिपोर्ट पाठवा. तू म्हणालीस, का चुकलं ते कळू द्या, मग सोडते. तीन आठवडे तू तेच तेच करत बसलीस. पंखा तपासलास, काटे तपासलेस, पोटात पोर असताना त्या गरम खोलीत उभी राहिलीस. रिपोर्टला उशीर झाला. त्या वर्षीचं प्रमोशन तुझ्याहून मागनं आलेल्या माणसाला गेलं, आणि मग ती रांग तुला कधी गाठता आली नाही. त्याच्या हाताखाली तू निवृत्त झालीस.

त्या तीन आठवड्यांत एकदा तू मला विचारलं होतंस. जेवताना. "अहो, मॉडेलमध्ये तर काही नसेल?"

मी म्हटलं, "माझ्या हातचं हाय ते."

"मग नाही," म्हणालीस आणि भात वाढून घेतलास.

सगळ्या जगाला तू का म्हणून विचारायचीस. मला विचारलं नाहीस. तिथंच सोडलंस. त्या विश्वासाचा मला इतकी वर्षं राग आहे, कुमुद. अजून एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. सांगितलं असतं का, माहीत नाही.

निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात. तू शाळा धरल्यास. जुनी व्हॅन घेतली. खानापूर, संकेश्वर, निपाणी, आज मराठी शाळा, उद्या कन्नड शाळा. आपल्या गल्लीतल्या एकानं तोंडावर विचारलं, "वहिनी, कन्नड शाळेत कशाला जाता?" तू म्हणालीस, "का? तिथल्या पोरांना वारा लागत नाही का?" तो माणूस परत आपल्या घरी चहाला आला नाही. मला वाईट वाटलं होतं, तो माझा मित्र होता. सीमालढ्यात लाठ्या आम्ही दोघांनी एकत्र खाल्ल्या होत्या. तुला त्याचं काही नव्हतं. तुला पोरं दिसली की बाकीचं कुणी दिसत नव्हतं. मी सुद्धा.

पेटी मी आठ महिने करत होतो. मागच्या शेडमध्ये, छोट्या लेथवर. दांडी पितळेची, काट्याची तबकडी हातानं कोरलेली, पेटी सागवानाची. तू दोनदा म्हणालीस, "इतकं देखणं नको हो." मला वाटलं, कौतुकच करतेस. ती संकेश्वरकडच्या त्या शाळेला दिली. तेव्हाचा समारंभ, नारळ, शाल. शाल तुला. ठीक आहे.

तीन वर्षांनी, दसरा झाल्यावर दोन दिवसांनी, आपण न कळवता तिथं गेलो. तू आत गेलीस. मी पण गेलो, पेटी बघायची होती. हेडमास्तरांनी कपाटाचं कुलूप काढलं. पेटीवर झेंडूची माळ. खंडेनवमीला हत्यारं पुजतात तशी त्यांनी ती पुजली होती, आणि त्या एका वर्षी नाही, तिन्ही वर्षी. काचेवर हळदीकुंकवाची बोटं. पंख्यात कुंकू, बेअरिंगमध्ये कुंकू, तेल आणि कुंकवाचा गोळा होऊन पंखा गच्च. पंख दांडीवर जसा मी बसवला होता तसाच. एकाही पोराचा हात लागला नव्हता.

हेडमास्तर खुशीत. "बघा मॅडम, कशी जपली! ओरखडा न्हाय."

तू हायवेला लागल्यावर बोललीस.

"तुमच्यामुळे झालं हे."

"मी काय केलं? कुंकू मी लावलं व्हय?"

"मोडायची भीती वाटावी असं करून दिलंत. मी पोरांसाठी पेटी मागितली होती. तुम्ही देव दिलात."

"मग पुठ्ठ्याचं कर की. खरकट्या डब्यांचं कर. माझी गरजच काय? आजपासनं मी नुसता ड्रायव्हर."

तू म्हणालीस, "बरं."

एवढंच. आणि खरंच पुठ्ठ्याचं केलंस. खोकी, सायकलच्या तारा, कुणाच्या घरचा बिघडलेला टेबलफॅन. वाकडं, ओबडधोबड, बघवत नव्हतं. पोरंच करायची, पोरंच मोडायची. व्हॅनमध्ये त्यांचा हसण्याओरडण्याचा आवाज यायचा. मी आत गेलो नाही. दोन वर्षं मी व्हॅनमध्ये पेपर वाचत बसलो. त्याआधी सुद्धा मी सामान आत ठेवून बाहेर यायचो. म्हणजे एवढ्या वर्षांत तुझा एक तास मी पुरता ऐकला नाही. आता लोक विचारतात, मॅडम कशा शिकवायच्या हो? मी सांगतो, चांगल्या शिकवायच्या.

आणि तो चहा. खानापूरकडची शाळा, नवीन हेडमास्तर, त्यांना आपली ओळख नाही. दारात मी तुझी खोकी उतरवत होतो. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या ड्रायव्हरना चहा इथंच बाहेर दिला तर चालंल?"

तू माझ्याकडं बघितलंस. चांगलं बघितलंस. मग म्हणालीस, "द्या. साखर घालू नका, त्यांना चालत नाही."

मी तो चहा प्यालो. स्टीलच्या पेल्यातून, व्हॅनच्या पायरीवर बसून. बिनसाखरेचा. परत येताना चाळीस किलोमीटर तू खिडकीतून ऊस बघत बसलीस. तू माझाच शब्द माझ्या तोंडावर मारलास, का चेष्टा केलीस, का मी हसेन आणि म्हणेन की अहो मी नवरा आहे यांचा, म्हणून वाट बघत होतीस? मी विचारणार होतो. दिवाळी झाल्यावर विचारू म्हटलं, मग तुझा खोकला बरा झाल्यावर विचारू म्हटलं. आणि एका सकाळी तू उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. त्यांचं काय, ते असंच म्हणतात.

मुलगा पुण्याहून आला, चौदा दिवस राहिला, गेला. मला चल म्हणाला. नको म्हटलं. शेडमध्ये काम आहे.

काम म्हणजे ही पेटी. हेडमास्तरांनी टेंपोतून पाठवली. मी खोलली, रॉकेलमध्ये बेअरिंग धुतलं. लाल पाणी निघालं, तीनदा बदललं तरी लाल. पितळ घासलं, सागवानाला पॉलिश मारलं, काच पुसली. झाली. अशी झाली की शेजारचे बघायला आले. आता न्यायला या म्हणून फोन करायचा, एवढंच राहिलं होतं. तेव्हा मी पंख्याचं बटण दाबलं. उगाच. बेअरिंग बसलंय का ते बघायला. पंख उचलला, काटा सरकला, आणि मी सवयीनं म्हटलं, "लिही."

जुनी सवय. पेटी जुळवताना मी काटा वाचायचो आणि तू लिहायचीस. कुणी लिहिलं नाही.

मी पंखा बंद केला आणि तिथंच स्टुलावर बसलो. कपाटात गेल्यावर हा काटा हलणार नाही. माझं काम लोक बघतील, म्हणतील वा, आणि पुढं जातील. त्या तपासणाऱ्यानं सुद्धा माझ्या पंखावरनं बोट फिरवून वा म्हटलं होतं. खरं काय ते वाऱ्यानं सांगितलं होतं, आणि तू ऐकलं होतंस, आणि त्याचं मोल तू दिलंस.

मग मी काच काढली. सागवानाच्या कुशीला करवत लावली. आठ महिन्यांचं काम होतं. कुशीला खाच पाडली, अशी की पोरांनी केलेला पुठ्ठ्याचा पंख बाहेरनं आत सारता यावा, दांडीला अडकवता यावा, आणि परत काढता यावा. कुलपाची कडी उपटून काढली. तिथं दोन भोकं राहिली, ती भरली नाहीत. हे मला पटलं म्हणून केलं नाही. पोरांच्या हातात चांगली वस्तू देऊ नये असं मला अजून वाटतं. केलं, एवढं खरं.

हेडमास्तर न्यायला आले आणि बघून खाली बसले. "आप्पा, हे काय केलासा?"

"कपाटात ठेवायची न्हाय. वर्गात ठेवायची. कुलूप दिसलं तर मी परत घेऊन येणार."

"अवो, पोरं मोडत्यात."

"मोडू द्यात."

"मग मॅडमांच्या फोटोशेजारी काय ठेवायचं?"

"फोटो बी नको."

ते रागावले. पुस्तिकेचं आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाले. मी म्हटलं, माझं लिहिणं चालू हाय, छापायचं तर सगळं छापा, न्हायतर राहू द्या. पेटी मात्र घेऊन गेले.

चौथ्या दिवशी फोन. हेडमास्तरच. आवाजात दुःख कमी आणि आनंद जास्त. "आप्पा, मी म्हटलं नव्हतं? दांडी वाकली. पितळेची दांडी. सातवीतली एक पोरगी हाय, तिनं केलंय."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी मोठ्यानं म्हटलं, "बघ! सांगत होतो!" आणि मी हे तुला म्हटलं होतं. हेडमास्तरांना वाटलं त्यांना. मी जिंकलो होतो, कुमुद, आणि स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "त्या पोरीला द्या फोन."

आधी नुसता श्वास ऐकू आला. रडत होती वाटतं.

"का वाकली गं?"

"लिहिलंय, आप्पा. मॅडम म्हणायच्या, काय मोडलं तर आधी का मोडलं ते लिहायचं. मग रडायचं."

"असं म्हणायच्या?"

"व्हय. वाचू?"

"वाच."

ती वाचायला लागली. शाळेत धडा वाचतात तसं, प्रत्येक शब्दावर थांबत. "आम्ही पंख आत घातला. तो नीट बसला. रीडिंग घेतलं. पंख बाहेर काढताना तो खाचेत अडकला. मी ओढला. दांडी वाकली. खाच अरुंद आहे. आत जाताना पंख सरळ असतो. दांडीवर तो तिरका होतो. तिरका पंख अरुंद खाचेतून बाहेर येत नाही. खाच दोन बोटं रुंद पाहिजे होती. चूक ओढण्याची थोडी आहे आणि खाचेची जास्त आहे."

मी फोन धरून शेडमध्ये गेलो. करवत टाकली होती तिथं कापलेला सागवानाचा तुकडा पडला होता. खाचेएवढाच. त्यावर बोटं ठेवून बघितली. हातात पट्टी नसली तरी मला कळतं. पंख आत कसा जाईल एवढंच मी बघितलं होतं. केसभर जागा ठेवून, घट्ट, सुबक. बाहेर कसा येईल, ते बघितलं नव्हतं.

पोरगी विचारत होती, "आप्पा, हाय का तुम्ही? चुकलं का माझं?"

मी सोमवारी जाणार आहे. करवत घेऊन. खाच तिथंच वर्गात रुंद करायची, त्या पोरीकडनं करून घ्यायची, दांडी तिनंच सरळ करायची.

तिला म्हटलं, "न्हाय बाळ. तुझं बरोबर हाय. चूक माझी हाय."

इतकं सोपं होतं ते, कुमुद. त्या दिवशी जेवताना, तू भात वाढून घेत होतीस तेव्हा, एवढंच म्हणायचं होतं.